फाळक्याच्या आवाजानंतर

१

सुतारदादांचं पत्र आलं तेव्हा ग्रंथपालांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि टेबलावरच्या जाडजूड शब्दकोशाखाली दाबून ठेवलं. उद्या सकाळी उत्तर लिहू, असं ते स्वतःला म्हणाले. असे बरेच उद्या आले आणि गेले.

पत्र साधं होतं. सुतारदादांकडे एक जुनाट पिकअप होती, त्यांच्या लग्नाच्याही आधीची. अशा गाडीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब लोखंडी दांडा असतो. त्याला शाफ्ट म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या खुणेसारखा एकेक क्रॉस असतो, त्याच्या टोकांवर टोपीसारखे कप बसवलेले असतात, म्हणून गाडी खड्ड्यात आदळली तरी शाफ्टला हलायला जागा मिळते. पिकअपचे क्रॉस झिजले होते.

‘गाडी सुटताना खाडकन आवाज येतो,’ सुतारदादांनी लिहिलं होतं. ‘वखारीपर्यंत हळूहळू नेतो, पुढे नेत नाही. बाजारात क्रॉस मिळत नाही. मेकॅनिक म्हणतो, थोडा लहान बसवू आणि कपाभोवती पत्रा गुंडाळू. मी त्याला म्हटलं, मी चौकटीत कागद कोंबून दार बसवत नाही, तू माझ्या गाडीत पत्रा कोंबू नकोस. तुमच्याकडे जुनी पुस्तकं आहेत असं ऐकतो. कोणता क्रॉस बसेल तेवढं कळवावं.’ खाली सुतारी पेन्सिलीने काढलेलं चित्र होतं आणि मापं होती.

ग्रंथपाल तंत्रशाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले होते. शाळेने रद्दीत काढलेली सुट्या भागांची पुस्तकं त्यांनी घरी आणून ठेवली होती, आणि कुठून कुठून लोक त्यांना विचारत. सुतारदादांच्या मापाचे क्रॉस त्यांना पुस्तकात दोन सापडले. कप जागेवर धरून ठेवणारं लॉक एकाला कपाच्या बाहेरून बसायचं, दुसऱ्याला आतून. यातलं कुठलं, ते पत्रात नव्हतं. एका ओळीत विचारता आलं असतं. पण ज्याने आपल्याला जाणकार समजून पत्र लिहिलं त्यालाच उलट प्रश्न विचारायचा? ग्रंथपालांना लाज वाटली. त्यापेक्षा आणखी एक पुस्तक बघू, मग आणखी एक, असं करत ते पत्र शब्दकोशाखालीच राहिलं.

एका दुपारी दार वाजलं. दारात एक बाई उभी होती. धापा टाकत होती, पदराने कपाळ पुसत होती.

“तुम्हीच ना ते पुस्तकवाले काका? सुतारदादांनी तुम्हाला पत्र घातलं होतं ना? सगळ्या गल्लीला सांगत होते, आता बघा कसं उत्तर येतं ते.”

ग्रंथपालांनी चष्मा काढला. “हो... मी लिहिणारच होतो.”

“आता कशाला लिहिताय?” ती म्हणाली. “सुतारदादा गेले. त्यांचीच गाडी मागे आली आणि ते भिंतीशी दाबले गेले. आणि खून केला म्हणून माझ्या नवऱ्याला नेलंय. तो पत्र्याचं बोलला होता ना, तोच मेकॅनिक माझा नवरा. तुम्हाला त्या गाडीचं कळतं ना, चला, तुम्हीच बघा.”

२

इन्स्पेक्टर तंत्रशाळेचाच विद्यार्थी निघाला. “सर, तुम्ही कधी कुणाला दंड केला नाहीत,” तो म्हणाला. “म्हणून तर निम्मी पुस्तकं परत आली नाहीत. या. बघायचं ते बघा, पण माझं काम झालेलं आहे.”

सुतारदादांच्या कारखान्यापुढचं अंगण उतरतं होतं. वर फाटक, खाली कारखान्याची दगडी भिंत. पिकअप कायम तोंड फाटकाकडे आणि पाठ भिंतीकडे करून उभी असे. सुतारदादांना काढण्यासाठी तिला पुढे ढकलावं लागलं होतं, पण त्याआधी हवालदाराने चारही चाकांभोवती आणि खाली पडलेल्या शाफ्टभोवती खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या. भिंतीच्या दगडांवर पाणी ओतलेलं होतं. त्याचे ओघळ अजून दिसत होते. ग्रंथपालांनी तिकडे पाहिलं नाही.

“आम्हाला आधी वाटलं, अपघात,” इन्स्पेक्टर सांगू लागला. “शाफ्ट सोडवला, चाकांना पाचरी लावायला विसरले, गाडी आली अंगावर. पाचरी तिकडे भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या होत्या. पण मग शाफ्टशेजारी हा पाना सापडला. निळा रंग बघा. गल्लीत निळा रंग एकाच गॅरेजच्या हत्यारांना आहे. आणि पत्र्यावरून त्यांची भर चौकात जुंपली होती. सुतार त्याला पत्रेवाला म्हणाले, त्याची दोन गिऱ्हाइकं तिथून उठून गेली. मेकॅनिकने गुपचूप येऊन शाफ्ट सोडवून ठेवला, सकाळी सुतारांनी पाचरी काढल्या, आणि संपलं.”

“हँडब्रेक?”

“ओढलेला होता. गिअरही टाकलेला होता. पण या गाडीचा हँडब्रेक चाकांना धरतच नाही म्हणे. हे मला मेकॅनिकनेच सांगितलं. स्वतःच्या तोंडाने.”

ग्रंथपाल खाली वाकले. गुडघे कुरकुरले. वर, फाटकाच्या बाजूला, जमिनीवर तेलाचा एक काळाकुट्ट डाग होता. वर्षानुवर्षं गिअरबॉक्समधून थेंब थेंब गळून झालेला. खडूचा शाफ्ट मात्र त्या डागापासून चांगला खाली होता. मागच्या चाकांच्या खडूच्या आकृत्यांच्या दिशेने, अगदी सरळ, आखून ठेवल्यासारखा. आजूबाजूच्या धुळीत ओरखडा नव्हता. काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटलं, पण काय ते हाताला लागेना. आपल्याला असं नेहमीच वाटतं, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

कारखान्यात बाकावर शाफ्ट ठेवला होता. त्यावर चिखलाचे जुने थर होते. पुढच्या टोकाचा क्रॉस मात्र धुतल्यासारखा स्वच्छ होता. ग्रंथपालांनी वास घेतला. रॉकेल. कप निसटून आतल्या बारीक सुया सांडू नयेत म्हणून ते जुन्या ट्यूबच्या काळ्या रबरी पट्टीने घट्ट बांधलेले होते.

शेजारी एक मोडकी खुर्ची दुरुस्तीला उघडून ठेवलेली होती. तिच्या प्रत्येक पायावर आणि प्रत्येक खोबणीवर पेन्सिलीची जुळी खूण होती. एक त्रिकोण, दोन त्रिकोण, तीन. ग्रंथपालांनी शाफ्ट पुन्हा फिरवून पाहिला.

त्यावर एकही खूण नव्हती.

“इन्स्पेक्टरसाहेब,” ते चाचरत म्हणाले, “हा शाफ्ट सुतारदादांनी सोडवलेला नाही.”

“तेच तर मी म्हणतोय, सर. मेकॅनिकने सोडवला.”

३

कारखान्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात सुतारदादांचा धाकटा भाऊ फर्निचरला पॉलिश करायचा. दोघा भावांचं अंगणाच्या वाटणीवरून बोलणं बंद होतं. निरोप वहिनीमार्फत जात.

“या, या,” पॉलिशवाला म्हणाला. हातातला बोळा त्याने खाली ठेवला नाही. “मीच राहिलो होतो विचारायचा. पोलीस झाले, आता ग्रंथालय आलं. उद्या बँड येईल.”

“मी फक्त...”

“दादाला मी मारला का? नाही. मारावासा वाटला होता का? आठवड्यातून एकदा. सख्खा भाऊ होता माझा, तेवढा हक्क आहे.” एवढं बोलून तो टेबलाच्या एकाच कोपऱ्यावर बोळा फिरवत राहिला. “उत्तर दिलंत का हो त्याला? पत्राचं?”

ग्रंथपालांनी मान खाली घातली.

“असू दे. काय विचारायचंय ते विचारा.”

“त्या सकाळी तुम्ही इथेच होतात?”

“होतो. दार लावून. पॉलिश ओलं असताना दार उघडं ठेवलं की धूळ बसते, म्हणून मला दिसलं काहीच नाही. ऐकू मात्र सगळं येतं. दादाचं रोजचं ठरलेलं. आधी पाचरी काढणार, खिळ्याला अडकवणार. लाकडाच्या होत्या, त्यानेच केलेल्या. ठक, ठक. मग मागे जाऊन गाडीचा फाळका पाडणार. धाडकन. मग फळ्या चढवणार आणि शेवटी गाडी चालू करणार. रोज तो फाळका आपटला की माझा हात हलायचा. कितीदा वहिनीला म्हटलं, त्याला सांग, हळू पाड.”

“त्या दिवशीही आपटला?”

“आपटला. मग काहीतरी घसरल्यासारखं झालं. मला वाटलं फळ्या असतील. मग शांत. बराच वेळ शांत. मला बरंसुद्धा वाटलं.” त्याने बोळा उलटा केला. “मग लोखंडाचा आवाज आला. खणखण नव्हे, हळूच. जमिनीवर काही ठेवावं तसा. मी म्हटलं, चला, दादा गाडीखाली शिरला. आणि लगेच पोराची किंकाळी.”

“कोणत्या पोराची?”

“दादाच्या मुलाची. शहरातून नुकता येत होता. त्यानेच पहिल्यांदा पाहिलं.”

ग्रंथपाल उठले. दारापाशी जाऊन परत वळले. “पुन्हा एकदा सांगता? आधी फाळका, मग लोखंड? उलट तर नाही?”

“माझे कान अजून जागेवर आहेत, काका. आधी फाळका.”

“मग,” ग्रंथपाल जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, “ते लोखंड खाली ठेवणारा माणूस कोण होता? सुतारदादा तर तेव्हा नव्हतेच.”

पॉलिशवाल्याच्या हातातून बोळा खाली पडला.

४

सुतारदादांची बायको मागच्या अंगणात एका खुर्चीवर बसली होती. समोर दोरीवर कपडे वाळत होते. ग्रंथपाल शेजारच्या पायरीवर बसले. सांत्वनाची वाक्यं त्यांनी वाटेत जुळवली होती. ती सगळी पळून गेली.

“वहिनी, मी तो... पत्रवाला.”

“ओळखलं,” ती म्हणाली. “पोस्टमन फाटकाशी आला की हे रंधा टाकून उठायचे. मी म्हणायची, अहो, बसा, तो घरात आणून देईल. तर म्हणायचे, विद्वान माणसं आहेत, शोधायला वेळ लागतो.”

ग्रंथपालांनी पायरीवरचा खडा उचलला आणि परत ठेवला.

“आदल्या दिवशी दादा कुठे होते?”

“दारं बसवायला गेले होते, नव्या इमारतीत. अंधार पडल्यावर आले आणि जेवून झोपले.”

“आणि मुलगा?”

“तो शाळेची बस चालवतो. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दुपारीच शहरात गेला, म्हणाला काम आहे, उद्या पहिल्या गाडीने येतो. मित्राकडे राहिला.” तिने दोरीकडे पाहिलं. “बापलेकांचं पटत नव्हतं असं लोक तुम्हाला सांगतील. गाडीवरून वाद व्हायचे, खरं आहे. तो म्हणायचा, बाबा, विका तो खटारा. हे म्हणायचे, तुला विकू का? पण ते तेवढ्यापुरतंच. चहा दोघांना एकाच वेळी लागायचा.”

“आता कुठे आहे तो?”

“तिकडे पुढे. त्या गाडीपाशी बसून असतो. जेवत नाही. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.” तिचे डोळे कोरडे होते. “काका, मेकॅनिकची बायको माझ्याकडे आली होती. पाया पडली. मी काय सांगणार तिला? केलं असेल त्याने तर त्याला सोडू नये. पण नसेल केलं तर? हे त्या मेकॅनिकला वाट्टेल ते बोलले, मान्य. तरी त्याच्या हातून गाडीत पत्रा जाईल, माणूस जाणार नाही, असं हेच म्हणायचे.”

वारा आला आणि दोरीवरचं एक गोणपाट फडफडलं. वहिनींनी उठून ते सरळ केलं. धुतलं होतं, पण डाग गेला नव्हता. एक लांब, सरळ, काळा डाग. गोणपाटाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरका. टोकाला तो जास्त दाट होता.

“हे कुणाचं?”

“त्याचंच. शहरातून आला तेव्हा खांद्यावर होतं. अंगणातच पडलं होतं, मी धुतलं. काय आणलं होतं त्यात देव जाणे, ग्रीस निघता निघत नाही.”

ग्रंथपालांनी डागाकडे पाहिलं. त्यांना बाकावरचा शाफ्ट आठवला. त्याची लांबी त्यांना नजरेनेच कळत होती, आणि या एका वेळेला तरी आपली नजर चुकावी असं त्यांना वाटलं.

५

कोठडीत मेकॅनिक भिंतीला टेकून बसला होता. नखांतलं काळं कोरत होता.

“तुम्ही पुस्तकवाले,” तो म्हणाला. “आलात ते बरं केलंत. पुस्तकात लिहिलंय का कुठे, पत्रा सुचवला तर फाशी?”

“हँडब्रेकचं काय ते मला सांगता का? मी वाचलंय, पण मला नेहमी शंका...”

“सोपं आहे. आताच्या गाड्यांचा हँडब्रेक मागची चाकं धरतो. त्या जुन्या पिकअपमध्ये ड्रम गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी असतो. ब्रेक शाफ्टला धरतो आणि शाफ्ट चाकांना. गिअरचंही तेच. शाफ्ट जाग्यावर असेल तर गाडी हलत नाही. शाफ्ट काढला की हँडब्रेक छतापर्यंत ओढा, गाडी मोकळी. मग फक्त पाचरीच तिला धरून ठेवणार. हे मी साहेबांना समजावून सांगितलं. समजावलं म्हणून आत आहे. ते म्हणाले, हे माहीत असणारा तू एकटाच.” तो कडवट हसला. “माहीत असणं हाच माझा गुन्हा.”

“तुमचा पाना?”

“दोन दिवस आधीच हत्यारांच्या ट्रेमधून गेला होता. जेवायला गेलो होतो. म्हटलं कुणी नेला असेल, आणून देईल. गॅरेज आहे, तिजोरी नाही.”

“शाफ्ट काढल्यावर कप कशाने बांधता तुम्ही?”

“तारेने. बारीक तार असते माझ्याकडे. का?”

“ट्यूबची पट्टी नाही?”

मेकॅनिकने नख कोरणं थांबवलं. “ट्यूबची पट्टी? ती शहरातल्या भंगार बाजारात बांधतात. तिथे एक म्हातारा आहे, जुने क्रॉस त्याच्याचकडे मिळाले तर मिळतात. कुणी शाफ्ट घेऊन गेलं की आधी टोक उघडतो, रॉकेलने धुतो, व्हर्नियर लावून माप घेतो, मग परत बसवून पट्टी बांधून देतो. मी सुतारदादांना सांगणार होतो त्याच्याबद्दल. पण पत्रेवाला म्हटल्यावर डोकं फिरलं माझं. म्हटलं, शोधू दे त्यांचं त्यांना.”

दोघांनाही एकेक गोष्ट माहीत होती आणि दोघांनीही ती वेळेवर सांगितली नव्हती.

“काका,” मेकॅनिक हळूच म्हणाला, “कळलं का तुम्हाला कुणी केलं?”

“कळलंय असं वाटतं,” ग्रंथपाल म्हणाले. “मी चुकत असेन तर फार बरं होईल.”

६

मुलगा पिकअपच्या फाळक्यावर बसला होता. चाकांना आता चारही बाजूंनी पाचरी होत्या. ग्रंथपाल त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. कुठून सुरुवात करायची हे त्यांनी वाटेत ठरवलं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

“नवा क्रॉस मिळाला का रे तुला?”

मुलाने वर पाहिलं नाही. त्याने खिशात हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली जड पुडी बाहेर काढली. उघडली नाही. नुसती हातात धरून बसला.

“मी सांगतो,” ग्रंथपाल म्हणाले. “चुकलं तर थांबव. पाचरी काढल्यावर गाडी कशीबशी अडून राहिली आणि फाळक्याच्या धक्क्याने सुटली, तेव्हा शाफ्ट जमिनीवर नव्हता. असता, तर तो वर त्या तेलाच्या डागापाशी राहिला असता. गाडी तिथे उभी असायची. तो सापडला खाली, गाडी येऊन थांबली त्या जागी, नीट सरळ. म्हणजे गाडी मागे आल्यानंतर कुणीतरी तो आत सरकवला. तुझ्या काकांनी आधी फाळका ऐकला आणि नंतर लोखंड, तेही त्यामुळेच.”

मुलाने पुडी दुसऱ्या हातात घेतली.

“शाफ्टवर खूण नाही. दादा खूण केल्याशिवाय खुर्चीचा पायसुद्धा काढत नव्हते, म्हणजे ते नव्हेत. आणि क्रॉस रॉकेलने धुतलेला आहे, ट्यूबच्या पट्टीने बांधलेला आहे. तो भंगार बाजारात जाऊन आलाय. मारायला निघालेला माणूस माप घेत बसत नाही. हे ज्याने केलं त्याला या गाडीचा हँडब्रेक माहीत नव्हता. त्याला रोजच्या बसचा हँडब्रेक माहीत होता.”

“मी ओढला होता,” मुलगा म्हणाला. “शाफ्ट काढायच्या आधी मी ब्रेक ओढला होता, काका. बाबा ओढतात त्याच्याही वर दोन दात. पाचरीला हातसुद्धा लावला नव्हता. म्हटलं, दुपारी नेतो, सकाळी नवा क्रॉस घेऊन येतो, बाबा उठायच्या आत बसवतो. खटारा खटारा म्हणून इतकी वर्षं चिडवलं, एकदा तरी...” त्याने पुडी घट्ट आवळली. “पाना मागून आणला असता तर गल्लीभर झालं असतं. बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. म्हणून तसाच उचलला. सकाळी शहरातून येणाऱ्या गाडीलाच उशीर झाला. फाटकातून आलो तर...”

त्याने भिंतीकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली.

“हात लावून बघितलं. गार होत होते. मला एवढंच सुचलं की आईला कळता कामा नये. मी शाफ्ट काढला हे तिला कळता कामा नये. मग खाली सरकवला. पाना खांद्यावरच्या गोणीतच होता, तोही टाकला. त्याचा निळा रंग डोक्यातच आला नाही. मग ओरडलो.”

“त्या पान्यामुळे एक माणूस कोठडीत आहे.”

“माहीत आहे. रोज सकाळी उठून पोलीस चौकीपर्यंत जातो. दारातून परत येतो.”

दारातून परत येणं म्हणजे काय, हे ग्रंथपालांना कुणी सांगायला नको होतं. ते त्याच्या शेजारी फाळक्यावर टेकले.

“एक विचारू? तू शाफ्ट घेऊन का गेलास? कागदावर माप नेलं असतंस तरी...”

“माप होतंच की. बाबांनी पत्रात तुम्हाला लिहिलेलं. तेच घेऊन मी आधी एकदा भंगार बाजारात गेलो होतो. म्हातारा म्हणाला, याचे दोन येतात, लॉक आतून की बाहेरून ते सांग, नाहीतर शाफ्टच घेऊन ये. मी बाबांना म्हटलं, लॉक बघून सांगा. ते म्हणाले, थांब, पुस्तकवाल्यांचं उत्तर येऊ दे, आता त्यांना पत्र घातलंय, मध्येच आपण घाई केली तर बरं दिसत नाही.” तो पहिल्यांदा ग्रंथपालांकडे वळला. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. “ते थांबले. मला थांबवेना.”

मागे पावलं वाजली. वहिनी घराच्या दारात उभी होती. हातात ते गोणपाट होतं, घडी घातलेलं. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

“उठ,” ती मुलाला म्हणाली. “आधी तोंड धू. मग या काकांबरोबर चौकीवर जा. तिथून दारातून परत येऊ नकोस.”

७

मेकॅनिकला सोडलं तेव्हा मुलगा चौकीच्या बाकावर बसला होता. मेकॅनिक त्याच्यासमोर थांबला. इन्स्पेक्टर पुढे झाला, पण काही घडलं नाही.

“पाना मागून न्यायचास रे,” मेकॅनिक म्हणाला. “मी आलो असतो बरोबर. मीच काढून दिला असता.” आणि तो बायकोच्या मागोमाग बाहेर पडला. त्याची बायको मात्र मागे वळून मुलाकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात क्षमा वगैरे काही नव्हती.

“पुरावा लपवला, निष्काळजीपणा केला,” इन्स्पेक्टर ग्रंथपालांना म्हणाला. “पुढचं कोर्ट बघेल. सर, तुम्ही बसा जरा. चेहरा उतरलाय तुमचा.”

ग्रंथपाल बसले नाहीत. ते चालत सुतारदादांच्या घरी गेले. सांगायचं होतं ते वहिनींना आधीच माहीत होतं. तरी त्यांनी पत्राचं, दोन क्रॉसचं, शब्दकोशाचं सगळं सांगितलं. मध्येच उठून तिने दिवा लावला आणि परत बसली.

“मी एक ओळ लिहिली असती तर,” ते म्हणाले, “लॉक आतून की बाहेरून, एवढीच...”

“लिहा मग.”

“आता? आता कुणाला लिहू, वहिनी?”

“त्यांनी विचारलं होतं ना तुम्हाला? पत्ता आहे ना तुमच्याकडे?” तिचा आवाज चढला, पहिल्यांदाच. “दुसरं काही लिहू नका. माफी नको, सांत्वन नको. मला असली पत्रं खूप आली. त्यांनी जे विचारलं तेवढ्याचं उत्तर लिहा. फाटकाशी कुणीतरी वाट बघत होतं हो त्याची.”

घरी येऊन ग्रंथपालांनी शब्दकोश बाजूला केला. पत्राखाली त्यांच्याच उत्तराचे तीन अर्धवट मसुदे होते. पहिल्याच मसुद्यात त्यांनी आतल्या लॉकचा क्रॉस लिहिला होता आणि नंतर खोडला होता. त्यांनी तिन्ही फाडले. चौकीत जमा करण्याआधी मुलाने वर्तमानपत्राची पुडी त्यांच्या हातात दिली होती. त्यांनी तिथल्या तिथे ती उघडली होती, खिशातली जुनी मोजपट्टी लावली होती, कप फिरवून पाहिला होता. ते आठवत त्यांनी लिहायला घेतलं आणि एकदाही न खोडता पूर्ण केलं.

‘आपलं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. आपल्या गाडीच्या शाफ्टला लॉक आतून बसणारा क्रॉस लागतो. पुढचा आणि मागचा एकच. पत्रा गुंडाळायचा नाही, हे आपलं बरोबर. शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही बाजूंना खूण करावी, हे आपल्याला सांगायला नको. आपल्या मुलाने शहरातून जो क्रॉस आणला, तो मी स्वतः मापून पाहिला. तो बरोबर आहे.’

पाकिटावर त्यांनी सुतारदादांचंच नाव घातलं. गल्लीच्या टोकाशी पेटी होती. तिच्यापाशी ते थोडा वेळ उभे राहिले, सवयीने. मजकूर पुन्हा एकदा तपासावा असं वाटलं. पाकीट चिकटवलेलं होतं.

त्यांनी ते पेटीत टाकलं.